खरेदीखताची सात पानं

१

सोमवारी सकाळी सव्वादहाला मोजणीबाईंनी लोखंडी कपाट उघडलं, कोपऱ्यावरच्या घराची फाइल काढली, तिच्यातलं लांब पाकीट टेबलावर उपडं केलं, आणि त्यातून काहीच पडलं नाही.

त्यांनी पाकीट झटकलं. आत बोटं घालून चाचपलं. मग फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. झेरॉक्स होती, नकाशा होता, कराच्या पावत्या होत्या, साहेबांच्या सहीचा दाखला होता. मूळ खरेदीखत तेवढं नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या. घाबरायलाही अंगात ताकद लागते, आणि सोमवारी सकाळी ती त्यांच्याकडे नसे.

त्यांचं खरं नाव ऑफिसात कोणी घेत नव्हतं. तीस वर्षं त्या सॉलिसिटरसाहेबांच्या हेडक्लार्क होत्या. आलेल्या दस्ताची पानं मोजल्याशिवाय पोच देत नसत, म्हणून मोजणीबाई. मोजायचं, रजिस्टरात लिहायचं, कपाटात ठेवायचं. वाचत बसायला वेळ कुणाला होता? आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं, आणि तोवर काही विपरीत घडू नये एवढीच त्यांची अपेक्षा उरली होती.

"बाई, गोदामाच्या नोटिशीचं राहिलंच," समोरून टायपिस्ट म्हणाला. पन्नाशीचा माणूस, सदा रडका सूर. "उद्याच्या पेपरात यायला हवी होती."

"मग शनिवारी बाराच्या आत का नाही दिलीत? मंगळवारचं नोटिशींचं पान शनिवारी बाराला बंद होतं. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मी एकदा तिथे हातापाया पडून आलेय. घेतात का? आता शुक्रवारचा अंक." बाईंनी रिकामं पाकीट उचललं. "ते जाऊ द्या. ह्यातलं खरेदीखत तुम्ही काढलंत?"

टायपिस्टचा चेहरा पांढरा पडला. "मी? किल्ल्या दोनच आहेत, बाई. एक साहेबांकडे, आणि दुसरी तुमच्याकडे."

२

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फारच शांतपणे, असं बाईंना वाटलं. पण सत्तरीच्या माणसानं आदळआपट तरी किती करायची?

कोपऱ्यावरचं घर एक लिफ्टवाला विकत होता. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. घर त्याच्या वडिलांचं. वडील गेले, घर त्याच्याकडे आलं. घेणारे होते चष्म्याचं दुकान चालवणारे नवरा-बायको. साहेब त्यांचे सॉलिसिटर. कागद तपासून 'या घरावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही' असा दाखला साहेबांनी तीन महिन्यांपूर्वी दिला होता, आणि गुरुवारी सह्या व्हायच्या होत्या.

"शुक्रवारच्या बैठकीत गेलं ते," साहेब म्हणाले. "चहाच्या वेळी फाइल टेबलावर उघडी होती. मी डोळ्यांत थेंब घालायला आत गेलो, तुम्ही कपबश्या आणायला. चौघं बसले होते."

बाईंना ते चौघं डोळ्यांसमोर दिसले. लिफ्टवाला, बायकोशिवाय आलेले चष्मेवाले, व्यवहार जमवणारा एजंट, आणि लिफ्टवाल्याची आत्या. आत्या त्याच घराच्या मागच्या खोलीत राहत होत्या. त्यांना बोलावलं होतं ते खोली रिकामी करायची तारीख सांगायला.

"मी कुठे जाऊ?" असं त्या म्हणाल्या नव्हत्या. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून एवढंच म्हणाल्या होत्या, "दादानं मागे लिहून ठेवलंय. खोली माझी आहे."

"मागे म्हणजे कधी, आत्या?" भाचा वैतागला होता. "बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. कुठे आहे तो कागद? दाखव ना."

आत्यांनी टेबलावरच्या फाइलीकडे बघितलं होतं, पण तेवढ्यात तारखेचं बोलणं सुरू झालं होतं. बैठक आटोपल्यावर बाईंनी फाइलीला फीत बांधून ती कपाटात ठेवली होती. पाकीट उघडून बघितलं नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि ते आता त्यांना टोचत होतं.

लिफ्टवाला अर्ध्या तासात येऊन थडकला. हाताला ग्रीस तसंच.

"म्हणजे गुरुवार गेला?"

"नाही," साहेब म्हणाले. "हरवल्याची नोटीस पेपरात द्यायची, नोंदणी कचेरीतून खरेदीखताची नक्कल काढायची, तिच्यावर व्यवहार होतो. नोटिशीचं मी बघतो, बाई. तुम्ही त्यात पडू नका." मग लिफ्टवाल्याकडे न बघता त्यांनी पुस्ती जोडली, "आत्याबाई फाइलीच्या अगदी शेजारी बसल्या होत्या, नाही का?"

लिफ्टवाला ताडकन उठला आणि निघून गेला.

३

जेवणाच्या सुट्टीत बाई बाहेर पडल्या. पोलिसांना कळवू नका, बोभाटा होतो, असं साहेबांनी बजावलं होतं. पण दोनच किल्ल्या आणि त्यातली एक आपली, हे काही डोक्यातून जात नव्हतं.

एजंटचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा. मान वाकवून आत शिरावं लागलं.

"माझ्यावर संशय?" त्यानं छातीवर हात ठेवला. "मी तीन महिने ह्या व्यवहारासाठी जोडे झिजवले."

"त्या घराला दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणे. हा व्यवहार मोडला तर तुमचं भलंच की."

"आलं होतं, आणि पळालं. मागच्या खोलीतली म्हातारी निघणार कधी, हे आधी सांगा म्हणाले." एजंटनं हात झटकले. "बाई, मला तो कागद दिला तरी वाचता येणार नाही. ती भाषा का माणसांची असते?"

यात खोटं काही नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाले काच पुसत होते, आणि त्यांच्या बायकोनं बाईंना बघून तोंड फिरवलं.

"हिला ते घर पसंत नाही," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "मागच्या भिंतीला ओल आहे म्हणते."

"ओल आहेच," बायको म्हणाली. "पण म्हणून मी कागद चोरणार नाही. मी सरळ नाही म्हणेन. घरात रोज म्हणतेच आहे."

बाईंना हसू आलं. हिच्यासारखं सरळ बोलणारं माणूस आज पहिल्यांदाच भेटत होतं.

"तुमच्या साहेबांचं ऑपरेशन मात्र झकास झालं हं," चष्मेवाल्यांनी विषय बदलला. "शुक्रवारी टेबलाच्या त्या टोकाकडून माझ्या पेनावरची बारीक अक्षरं वाचली त्यांनी! मी थक्क झालो. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझं कार्ड उलटं धरून 'वा, छान' म्हणाले होते. मोतीबिंदू इतका पिकेपर्यंत कोणी थांबतं का?"

"उलटं?" बाईंनी विचारलं.

"अगदी उलटं. मी काही बोललो नाही. मोठा माणूस."

बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. तीन महिन्यांपूर्वी साहेबांना दिसत नव्हतं आणि शेजारच्या खोलीत बसून आपल्याला ते कळलंही नव्हतं. त्या वाटेला लागल्या, पण ऑफिसकडे नाही. कोपऱ्यावरच्या घराकडे.

आत्यांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता, पण आवाज न करता कोणी रडत असलं तरी दारातून कळतं.

४

पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध पालथी पडली होती. लुगडी, लोकरीचे गुंडे, जुनी पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं जमिनीवर. गादीची शिवण उसवलेली. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि एकेक पत्र उचलून गुडघ्यावर सपाट करत होत्या.

"भाच्यानं केलं?" बाईंनी विचारलं.

"त्याला वाटतं कागद मी पळवला." आत्यांनी मान वर केली नाही. "मी मांडीवर घेऊन वाढवलाय त्याला. आई लवकर गेली त्याची. आज पेटीला हात घालताना मला 'सरक' म्हणाला."

बाई जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. दोघींनी मिळून लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

"आत्याबाई, रागावू नका. पण खरंच नाही ना घेतलंत?"

"मी कशाला घेईन?" आत्या पहिल्यांदा चिडल्या. "तो कागद राहिला तरच माझी खोली राहते. तो गेला तर माझं गेलंच की सगळं!"

बाईंचा हात घडीवर थांबला. "खरेदीखत? त्यात तुमचं नावही नाही. झेरॉक्स मी स्वतः फाइलला लावलीय."

"आहे माझं नाव. दादानं मागे लिहिलंय. तुम्ही सगळे शिकलेले, आणि कोणाला साधं वाचता येऊ नये?"

तेवढ्यात दारात भाचा येऊन उभा राहिला. बाईंना बघून थबकला. जमिनीवरच्या पसाऱ्याकडे त्यानं बघितलंच नाही.

"पेटीत नाही मिळालं," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत सांग आत्या, कुठे ठेवलंयस. नाही तर परवा मी पोलिसांत तुझं नाव देतो."

५

मंगळवारी सकाळी टायपिस्टनं पेपर बाईंच्या टेबलावर टाकला. "आली बघा नोटीस. साहेबांनी वेळ दवडला नाही."

सहाव्या पानावर, नोटिशींच्या रकान्यात, कोपऱ्यावरच्या घराचं मूळ खरेदीखत हरवल्याचं छापलं होतं. खाली साहेबांचं नाव. बाईंना बरं वाटलं. एक काम तरी आपल्याशिवाय झालं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि ओठाला लावायच्या आधीच खाली ठेवला.

मंगळवारचं पान शनिवारी बाराला बंद होतं.

खरेदीखत नाहीसं झालंय हे त्यांना स्वतःला कळलं सोमवारी सव्वादहाला. मग शनिवारी दुपारच्या आत ते कोणाला ठाऊक होतं?

बाईंनी पोचांचं रजिस्टर काढलं. तीन महिने मागे गेल्या. त्यांच्याच अक्षरातली ओळ: मूळ खरेदीखत, पाने सात, लिहिलेल्या बाजू आठ.

त्यांनी झेरॉक्स मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच. टाइप केलेले दस्त एकाच बाजूला असतात, पाठ कोरी असते. सात पानांच्या सात बाजू झाल्या. मग आठवी कुठून आली? आपण मोजलं होतं, लिहिलं होतं, आणि वाचलं नव्हतं.

दादानं मागे लिहिलंय.

बाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मागे म्हणजे पूर्वी नव्हे. मागे म्हणजे मागच्या बाजूला! आत्या बिचाऱ्या सरळ सांगत होत्या, की कागद उलटा करून बघा. भाचा, चष्मेवाले, एजंट आणि आपण, चार माणसांनी ऐकलं आणि चौघांनीही 'जुनी गोष्ट' असा अर्थ लावून त्यांना गप्प केलं.

चौघांनी. पण त्या दिवशी ऐकणारी माणसं चारच नव्हती.

"टायपिस्टसाहेब," बाईंनी हळूच विचारलं, "झेरॉक्स तुम्हीच काढली ना? पुढच्याच बाजूंची?"

"मागे काय असणार? मी बघितलंही नाही. ह्या घराचे सगळे कागद मी साहेबांना वाचून दाखवले होते, झेरॉक्सवरून. त्यांनी ऐकून दाखला सांगितला, मी टाइप केला." तो घुटमळला. "कोणाला सांगू नका म्हणाले होते. डोळ्यांचं."

बाई उठल्या. साहेबांच्या दारापर्यंतची बारा पावलं त्यांना त्या दिवशी फार लांब वाटली.

६

"दार लावा," साहेब म्हणाले. पेपर त्यांच्याही समोर होता, त्याच पानावर उघडा.

"शनिवारी नोटीस तुम्ही दिलीत."

"हो."

"शुक्रवारी आम्ही गेल्यावर तुम्ही खरेदीखत काढलंत आणि उलटं करून बघितलंत."

"त्या बाईंचं वाक्य कानात राहिलं होतं." साहेबांनी डोळे मिटले. "नवे डोळे. म्हटलं, एकदा बघू. आणि होतं तिथे. भावाच्या हातचं, सही, दोन साक्षीदार. दहा वर्षांपूर्वीचं. नोंदणी कचेरीतल्या नकलेवर ते नाही, कारण घर घेतल्यावर कितीतरी वर्षांनी लिहिलंय. बाई, कोर्टात ते किती टिकेल हे मी सांगू शकत नाही. पण घेणाऱ्यापासून ते लपवता येत नाही. आणि मी तर लिहून बसलो होतो, की कुणाचाच हक्क नाही."

"तेव्हाच सांगायचं होतं."

"काय सांगू? की मी आंधळा होतो आणि दुसऱ्यानं वाचलेल्यावर सह्या करत होतो? एवढ्याच फाइलीवर नाही, वर्षभर?" त्यांचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षांचं नाव आहे. मूळ कागद हरवला, नकलेवर व्यवहार झाला, की संपलं. म्हातारीला भाचा कुठेतरी ठेवणारच होता."

बाई उभ्याच होत्या. तीस वर्षं या माणसाच्या सहीखाली त्यांनी शिक्के मारले होते. राग यायला हवा होता. आला तो फक्त थकवा, पाठीच्या कण्यातून वर चढत गेलेला.

"त्यांची पेटी उपडी केली काल," त्या म्हणाल्या. "गादी फाडली. तुम्ही म्हणालात, की त्या शेजारी बसल्या होत्या."

"मी एवढंच म्हणालो."

"तेवढं पुरलं, साहेब."

साहेबांनी खालचा खण उघडला आणि सात पानं टेबलावर ठेवली. कडा नीट जुळवून.

"फाडायला घेतलं होतं. हात होईना."

बाईंनी शेवटचं पान उलटं केलं. निळ्या शाईतल्या चार ओळी वाचल्या.

"उद्या चारला सगळ्यांना बोलावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मला ते शांतपणे सांगता येणार नाही."

७

बुधवारी चारला तेच टेबल, तीच माणसं. फक्त चष्मेवाल्यांची बायकोही आली होती. साहेब उभे राहून बोलले. फिरवून फिरवून नाही. कागद कोणी काढला, कधी, का काढला. एजंट तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. लिफ्टवाला आधी लाल झाला, मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली.

"तुम्ही आमचे सॉलिसिटर ना?" चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "आमच्या बाजूचे?"

"होतो. तुमचं काम आता दुसऱ्याकडे द्या. माझ्याबद्दल वकिलांच्या मंडळाला मी आजच कळवलंय. ज्या फाइलींवर मी न वाचता सह्या केल्या त्यांची यादी बाई काढताहेत. त्या सगळ्यांना पत्रं जातील."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटचं पान उलटं करून वाचलं: "मागची खोली माझ्या बहिणीची. ती आहे तोवर तिची. घर कुणाचंही झालं तरी तिला उठवू नये. ती आपण होऊन सोडेल तेव्हाच सुटेल."

सगळे आत्यांकडे बघायला लागले. आत्या वाट बघत होत्या.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"एवढंच आहे."

"एवढंच? मला वाटलं होतं, जरा जास्त लिहिलं असेल." त्यांनी पदर सावरला. "बोलायलाही असाच होता. चार शब्दांत आटपायचा."

लिफ्टवाल्यानं मान वर केली. "आत्या, आता कोणी तुला हात लावणार नाही. व्यवहार मोडला. घर राहू दे."

"कशाला मोडतोस? तुला तिकडे कामाजवळ राहायचंय ना?" आत्या म्हणाल्या. "मला त्या खोलीत राहायचं नाहीये. भिंतीला ओल आहे, रात्रभर खोकते मी. गेली चार वर्षं मीच सोडीन म्हणतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? शुक्रवारी मला बोलावलंत ते तारीख सांगायला. 'आत्या, तुला कुठे राहायचंय' असं कोणी विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे सही दिली असती."

साहेब खुर्चीत बसले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. लपवाछपवी, नोटीस, चाळीस वर्षांचं नाव; आणि सगळं सुटणार होतं एका प्रश्नावर, शुक्रवारी, चहा निवायच्या आत.

"ओल आहे हे मी केव्हापासून सांगतेय," चष्मेवाल्यांची बायको नवऱ्याला म्हणाली. पण तिनं खुर्ची आत्यांच्या जवळ ओढली.

"सही देईन," आत्या म्हणाल्या. "पण आज नाही. आधी मला राहायची जागा दाखवा. जिना नको. आणि खोली बघायला ह्या बाई बरोबर हव्यात. भाच्याला यंत्रातलं कळतं, घरातलं कळत नाही."

पहिली खोली त्यांनी दारातूनच नाकारली. दुसऱ्या खोलीत पाणी नव्हतं. तिसरी सापडायला पाच आठवडे लागले. तळमजला, रस्त्याकडे खिडकी, समोर शिंप्याचं दुकान. आत्या रिकाम्या खोलीत खिडकीपाशी उभ्या राहिल्या. शिंप्यानं मान वर करून बघितलं. आत्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, जणू शेजार ठरला.

चष्मेवाल्यांच्या नव्या सॉलिसिटरनं पाठवलेला, खोली सोडल्याचा कागद भाच्यानं पिशवीतून काढला, पण लगेच पुढे केला नाही.

"आत्या," तो म्हणाला, "इथे चालेल का तुला?"

आत्या वळल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग बाईंकडे हात पुढे करून म्हणाल्या, "पेन द्या हो."